कर्बतंतूंची नौका

५ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन डिएगो शहरासमोर समुद्रांत 'अमेरिका चषका'च्या आव्हानवीरांमधील एक शर्यत चालू होती. एका बाजूस न्यूझीलंडची नौका, दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रेलियाची 'वन ऑस्ट्रेलिया'. वारा जोराचा होता व लाटा आंखूड आणि उभ्या होत्या. शर्यत रंगांत आली असतां एकाएकीं कडकडाट झाला आणि ऑस्ट्रेलियाची नौका मध्यावर दुमडली. तिच्यावरील सतराहि जण पाण्यांत उतरून वांचले. परंतु अवघ्या दोन-अडीच मिनिटांत ती सबंध नौका डोलकाठीसह दिसेनाशी झाली. ती जुनी नव्हती, कुजलेली नव्हती, खडकावरहि आपटली नव्हती. उलट, नौकाबांधणीच्या धंद्याला त्या काळीं ठाऊक असलेल्या अत्यंत बळकट द्रव्याची ती बनविलेली होती. तें द्रव्य म्हणजे कर्बतंतु, अर्थात् कार्बन फायबर.

इतक्या बळकट द्रव्याची नौका लाटांपुढें मोडते कशी, हा प्रश्न साहजिकच कोणाच्याहि मनांत येईल. त्याचें उत्तर शोधूं गेलें म्हणजे असें दिसून येतें कीं, शर्यतीच्या नौकेची सारी विद्या एका तराजूवर तोललेली आहे. त्याच्या एका पारड्यांत हलकेपणा आहे आणि दुसऱ्या पारड्यांत नाविकांचे प्राण आहेत.

कर्ब हा पदार्थ कोणालाहि परका नाहीं. चुलींतील कोळसा, पेन्सिलींतील काळी कांडी आणि अंगठींतील हिरा हीं सर्व कर्बाचींच रूपें होत. अणू तेच, त्यांची रचना निराळी, म्हणून गुणहि निराळे. पेन्सिलींतील कर्बाचे अणू पातळ पापुद्र्यांच्या रूपानें एकावर एक रचलेले असतात. एकाच पापुद्र्यांतील अणूंची एकमेकांवरील पकड विलक्षण घट्ट, पण पापुद्र्या-पापुद्र्यांमधील पकड अगदीं सैल. म्हणूनच पेन्सिल कागदावर घांसली कीं पापुद्रे सुटतात व अक्षर उमटतें. हेच पापुद्रे एकाद्या सुताच्या लांबीला धरून मांडतां आले, तर त्यांची घट्ट पकड ओझें पेलण्याच्या कामीं येईल, ही कर्बतंतूच्या मुळाशीं असलेली कल्पना आहे.

एडिसननें १८७९ सालीं विजेचा दिवा पेटविला तो सुती दोरा जाळून केलेल्या कर्बाच्या तारेवर. पुढें त्यानें बांबूच्या धाग्यांचा उपयोग केला. परंतु ती तार उजेड देण्यापुरती होती. बळाच्या कामाची नव्हती. बळकट कर्बतंतूचा इतिहास १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन या शास्त्रज्ञानें केलेल्या प्रयोगांपासून सुरू होतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत जपानमधील ओसाका येथें अकिओ शिंदो यानें पॉलिॲक्रिलोनायट्राइल नांवाच्या कृत्रिम सुतापासून कर्बतंतु बनविला, आणि १९६३ च्या सुमारास इंग्लंडांतील फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधनसंस्थेंत त्याचें बळ पुष्कळच वाढविण्यांत आलें. आज बहुतेक सर्व कर्बतंतु याच सुतापासून तयार होतो. लोकरीसारखे दिसणारे स्वस्त स्वेटर ज्या जातीच्या सुताचे विणतात, त्याच जातीचें हें सूत होय.

कृति ऐकण्यास सोपी आहे. लोणारी लांकूड मातीखालीं झांकून, हवा बेताचीच लागूं देऊन जाळतो, म्हणून त्याची राख न होतां कोळसा होतो. येथेंहि तसेंच. सूत ताणून धरून प्रथम हवेंतच २०० ते ३०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजतात. मग जेथें प्राणवायूचा लेशहि नाहीं अशा भट्टींतून, १,००० अंशांहून अधिक उष्णतेंत तें नेतात. कर्बाखेरीज इतर द्रव्यें वायुरूपानें निघून जातात, वजन जवळजवळ निम्में होतें आणि काळाभोर तंतु मागें उरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या ५ ते ७ सहस्रांश, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारें दहावा हिस्सा. असे १२,००० तंतु एकत्र केले म्हणजे एक बारीक फीत होते. अशा फितींचें कापड विणतात, किंवा त्या न विणतां शेजारीं शेजारीं मांडतात.

पण नुसत्या तंतूंची नौका होत नाहीं. सुतळीनें ओझें टांगतां येतें, पण उभ्या सुतळीवर ओझें ठेवतां येत नाहीं. ती तत्काळ वांकते. तंतूला ताठ धरून ठेवण्यास त्याच्या भोंवतीं कांहीं घट्ट द्रव्य लागतें. तें काम एपॉक्सी नांवाची कृत्रिम राळ करते. तंतु बळ सोसतो. राळ त्याला जागच्या जागीं धरते व एका तंतूवरील भार शेजारच्या तंतूस पोंचविते. मातीच्या भिंतींत गवताच्या काड्या मिसळण्याची आपल्याकडील जुनी युक्ति याच जातीची आहे. उत्तम कामांत तंतूंचा वाटा आकारमानानें शेंकडा ६० च्या आसपास असतो, बाकीची राळ.

अशा द्रव्याचें वजन, आकारमान सारखें धरल्यास, पोलादाच्या पांचव्या हिश्शाइतकें भरतें. तंतूंच्या दिशेनें मोजल्यास त्याचा ताठपणा, वजनाच्या मानानें, पोलादाच्या सुमारें तिप्पट येतो. येथें 'तंतूंच्या दिशेनें' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पोलादाचा पत्रा कोणत्याहि बाजूनें ओढला तरी त्याचें बळ जवळजवळ सारखेंच. कर्बतंतूच्या थराची गोष्ट बांबूसारखी आहे. बांबू ओढून तोडणें कठीण, पण कोयत्याच्या एका घावानें तो उभा चिरतो. तंतूंना आडव्या दिशेनें त्या थराचा ताठपणा दहाव्या हिश्शाच्याहि खालीं येतो. म्हणून थरावर थर निरनिराळ्या दिशांनीं घालावे लागतात: एक लांबीचा, दुसरा तिरपा, तिसरा उलट तिरपा, चौथा आडवा. कोणत्या जागीं किती थर, आणि कोणत्या दिशेनें, हें ठरविणें हेंच रचनाकाराचें खरें कौशल्य. जुना सुतार शिरा पाहून लांकूड निवडीत असे. येथें रचनाकार लांकडाच्या शिरा स्वतःच आंखतो.

नौकेवर बळें तरी कोणतीं येतात, हें आतां पाहिलें पाहिजे. डोलकाठी उभी राहते ती तारांच्या ताणावर. एक तार पुढें नाळेला, एक मागच्या टोकाला आणि दोन बाजूंस दोन. या तारा जितक्या ताठ, तितकें पुढचें शीड वाऱ्यांत नीट उभें राहतें व नौका वाऱ्याच्या अधिक समोर तोंड करून जाऊं शकते. परंतु पुढची तार नाळेला वर ओढते, मागची तार मागच्या टोकाला वर ओढते, आणि डोलकाठी मधोमध खालीं दाबते. म्हणजे नौका हें धनुष्य बनतें व तारा ही त्याची प्रत्यंचा. शर्यतीच्या मोठ्या नौकेंत हा दाब कित्येक टनांचा असतो. त्यांतच लाटेवरून सुटलेली नाळ पुढच्या लाटेवर आपटते, आणि तो आघात पाण्याचा असूनहि दगडासारखा बसतो. 'वन ऑस्ट्रेलिया' दुमडली ती अशाच धनुष्याच्या ताणाखालीं.

वांकणें टाळावयाचें तर जाडी हवी. पण जाडी म्हणजे वजन. ही अडचण मोठ्या युक्तीनें सोडविलेली आहे. कर्बतंतूचा एक पातळ पत्रा आहे असें समजावें. त्याचे जाडीनें दोन सारखे पापुद्रे करावे, त्यांच्या मधें मूळ पत्र्याच्या जाडीइतकी पोकळी ठेवावी व ती पोकळी अतिशय हलक्या द्रव्यानें भरून काढावी. कर्बतंतु होता तितकाच राहिला, वजन अगदीं थोडें वाढलें. पण वांकण्यास होणारा विरोध मात्र सातपट झाला. पोकळी तिप्पट केली तर तो सदतीसपट होतो. मधें भरण्याचें द्रव्य म्हणजे फेंसासारखें हलकें प्लॅस्टिक, किंवा मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी घरें पाडलेला आणि राळेनें कडक केलेला एक विशेष जातीचा कागद. शर्यतीच्या नौकेचा तळ व बाजू बहुधा अशाच असतात. नौकेची बाजू हातानें ठोकली तर भरीव वाटते, पण आंत बहुतेक हवाच भरलेली असते.

या युक्तींत एक धोका दडलेला आहे. दोन पापुद्रे आणि मधलें पोळें यांची जोड पक्की असेल तोंवरच हें सातपट बळ खरें. ती जोड एकाद्या जागीं सुटली, तर तेथें दोन सुटे पातळ पापुद्रे उरतात. आणि त्या दोघांचें मिळून वांकण्यास विरोध करण्याचें बळ मूळ एकसंध पत्र्याच्या चौथ्या हिश्शाइतकेंच भरतें. बाहेरून पाहणाराला मात्र यांतील कांहींहि दिसत नाहीं. रंग तसाच, चकाकी तशीच.

म्हणूनच बांधणीच्या कामांत कमालीची काळजी घ्यावी लागते. हा कारखाना पाहावयास गेलेल्याला तेथें करवतीचा आवाज कमी आणि स्वयंपाकघराची शिस्त अधिक आढळते. राळेनें आधींच भिजविलेलें कापड शून्याखालीं १८ अंशांच्या थंड पेटींत ठेवलेलें असतें. बाहेर राहिलें तर राळ आपोआप घट्ट होऊं लागते. संगणकाच्या आज्ञेनें चालणारें यंत्र नौकेच्या आकाराचा सांचा कोरतें. पुष्कळदां हा सांचादेखील कर्बतंतूचाच करतात, कारण भट्टींत तापल्यावर सांचा एका मानानें व नौका दुसऱ्या मानानें फुगली तर आकार बिघडतो. कापड नकाशाबरहुकूम कापतात. प्रत्येक तुकड्यावर त्याचा क्रमांक आणि तंतूंची दिशा लिहिलेली असते. हातमोजे घातलेले कारागीर ते तुकडे सांच्यांत एकावर एक बसवितात. घामाचा थेंब, तेलकट बोट किंवा धुळीचा कण यांपैकीं कशाचीहि गय नसते.

कांहीं थर झाले कीं त्यांवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटवून आंतील हवा पंपानें काढून घेतात. मग बाहेरचें वातावरणच दर चौरस मीटरवर सुमारें १० टनांचा दाब देऊन थरांना एकमेकांवर दाबतें. हजारों हातांनीं होणार नाहीं तें काम अशा रीतीनें हवा फुकट करते. नंतर सबंध नौका भट्टींत घालून ८० ते १२० अंश उष्णतेंत कित्येक तास शिजवितात. डोलकाठी व पाण्याखालील पातीं यांसाठीं हवेचा दाब आणखी वाढविणारी बंद दाबभट्टी वापरतात. एवढें करूनहि चुका राहतात. कोठें हवेचा बुडबुडा अडकतो. कोठें थराला चुणी पडते व तेवढ्या जागीं तंतु सरळ न राहतां नागमोडी होतात. कोठें कापडाच्या पाठीवरील संरक्षक कागदाचा तुकडा काढावयाचा राहून जातो. तो तुकडा दोन थरांमध्यें कायमचा पुरला जातो, आणि त्या जागीं जोड म्हणून कांहींच नसते.

इतका खटाटोप हलकेपणासाठीं कां? एक साधा हिशेब पुरे आहे. डोलकाठीचें टोक पाण्याच्या पातळीपासून २८ मीटर उंच आहे आणि नौकेच्या पठाणाखालीं टांगलेला शिशाचा गोळा ४ मीटर खोल आहे, असें धरावें. टोकावर १ किलोग्रॅम वजन वाढलें, तर वाऱ्यानें कलणारी नौका तितकीच ताठ ठेवण्यासाठीं गोळ्यांत ७ किलोग्रॅम शिसें वाढवावें लागतें. शिसें वाढलें कीं त्याला धरणारें पठाण जाड करावें लागतें, पठाणाला धरणारा तळ जाड करावा लागतो, आणि सर्व मिळून जड झालेली नौका पाण्यांत अधिक बुडून सावकाश चालते. उलट, वर एक किलो वांचविला तर तोच हिशेब उलट्या दिशेनें फायद्याचा होतो. शर्यतींत हार-जीत सेकंदांनीं ठरते. म्हणून प्रत्येक रचनाकाराची नजर सदैव त्या शेवटच्या थरावर असते: हा काढला तर चालेल काय?

अमेरिका चषकाच्या इतिहासांत हा मोह पायरीपायरीनें वाढत गेलेला दिसतो. १८५१ सालीं इंग्लंडांतील आइल ऑफ वाइट बेटाभोंवतीं जिंकलेल्या ज्या 'अमेरिका' नौकेवरून चषकाला हें नांव पडलें, ती लांकडाची होती. न्यूयॉर्कच्या नौका-मंडळानें १३२ वर्षें राखलेला तो चषक १९८३ सालीं ऑस्ट्रेलियानें हिरावून घेतला. ती विजयी 'ऑस्ट्रेलिया-२' ॲल्युमिनियमची होती. १९८७ च्या स्पर्धेंत न्यूझीलंडनें कांचतंतूची नौका आणून खळबळ उडविली, आणि १९९२ च्या स्पर्धेसाठीं आंखलेल्या नव्या जातीच्या नौका तर कर्बतंतूच्याच होत्या. १९८३ सालीं 'ऑस्ट्रेलिया-२'चें कप्तानपद भूषविणारा जॉन बर्ट्रांड हाच १९९५ सालच्या 'वन ऑस्ट्रेलिया' पथकाचा नायक होता. ज्यानें धातूच्या नौकेनें चषक जिंकला, त्यालाच कर्बतंतूची नौका बुडतांना पाहावी लागली.

धातू व कर्बतंतु यांच्या मोडण्यांत मोठा फरक आहे. साधें पोलाद भाराखालीं आधीं लवतें, ताणतें, वांकडें होतें. तुटण्यापूर्वीं त्याची लांबी शेंकडा वीस-वीस वाढूं शकते. लवलेला खांब पाहून माणूस सावध होतो. कर्बतंतु असा इशारा देत नाहीं. त्याची लांबी शेंकडा दीड-दोन वाढली कीं तो तुटतो. तोंवर तो जसाच्या तसा, ताठ आणि निर्दोष दिसतो. दाबाखालीं तर त्याहूनहि लवकर घात होतो: कोठेंतरी तंतूंचा एक पुंजका राळेची पकड सोडून वांकतो, त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो, तोहि वांकतो, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सबंध जागा दुमडते. २००३ सालीं ऑकलंड येथें चषकाच्या अंतिम सामन्याच्या चौथ्या शर्यतींत यजमान न्यूझीलंडच्या नौकेची डोलकाठी अशीच लाटांवर धक्के खातां खातां मोडली, आणि चषक स्वित्झर्लंडकडे गेला.

यानंतर नौका पाण्यावरून उचलून चालविण्याचें युग आलें. पाण्याखालीं विमानाच्या पंखासारखें पातें बसविलें असतां, तें पुढें सरकतांना वरच्या दिशेनें उचल देतें. पाणी हवेच्या आठशेंपटीहून अधिक घन असल्यामुळें लहानसें पातेंहि मोठें ओझें उचलतें, आणि गति दुप्पट झाली कीं उचल चौपट होते. या पात्यांना इंग्रजींत 'हायड्रोफॉईल' म्हणतात. त्यांस जलपंख म्हणण्यास हरकत नाहीं. जलपंखांवर नौका उभी राहिली कीं तिचा तळ पाण्याबाहेर येतो, घर्षण एकदम घटतें आणि नौका वाऱ्याच्या दुपटीहूनहि अधिक गतीनें धांवूं लागते. तिच्या स्वतःच्या धांवण्यानें समोरून येणारा वारा मूळ वाऱ्यांत मिळतो व शिडाला मूळ वाऱ्याहून पुष्कळच मोठा वारा लागतो, हें त्याचें रहस्य. २४ नोव्हेंबर २०१२ रोजीं नामिबियाच्या वॉल्व्हिस बे येथें पॉल लार्सन यानें 'सेलरॉकेट-२' या कर्बतंतूच्या नौकेनें ५०० मीटरचें अंतर सरासरी ६५.४५ नॉट, म्हणजे ताशीं १२१ किलोमीटर गतीनें, नुसत्या वाऱ्याच्या जोरावर कापलें.

परंतु गतीबरोबर संकटहि वाढलें. २०१३ सालच्या अमेरिका चषकासाठीं ७२ फूट लांबीच्या जोडनौका ठरविण्यांत आल्या. त्यांवर कापडी शिडाऐवजीं सुमारें ४० मीटर उंचीचा ताठ पंख उभा असे. ९ मे २०१३ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत सराव करीत असतां स्वीडनच्या 'आर्टेमिस' पथकाची अशी नौका मोडून उलटली. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणारा इंग्रज नाविक अँड्र्यू सिम्प्सन मोडक्या भागांखालीं अडकला व मृत्यु पावला. त्याचें वय ३६ वर्षांचें होतें. पाण्यावर पडलेल्या नाविकाला पोहतां येणें पुरेसें होतें, तो काळ त्या दिवशीं संपला. नंतर सुरक्षिततेसाठीं ३७ शिफारशी मांडण्यांत आल्या. अशा नौकांवरील नाविक आतां शिरस्त्राण व छातीचें कवच घालतात, दोर कापण्याचा चाकू बाळगतात आणि पाण्याखालीं अडकल्यास कांहीं श्वास पुरावे म्हणून हवेची लहान नळकांडी अंगावर बांधतात.

१७ जानेवारी २०२१ रोजीं ऑकलंड येथें अमेरिकन पथकाची 'पेट्रियट' ही ७५ फुटी नौका जलपंखांवरून उसळून बाजूवर कोसळली व तिच्या बाजूस मोठें भोंक पडलें. प्रतिस्पर्धी पथकांचे लोक आपापल्या बोटी घेऊन धांवले व ती नौका बुडूं दिली नाहीं. तिच्यावरील सर्वजण सुखरूप होते, आणि दोन आठवड्यांच्या आंत तीच नौका दुरुस्त होऊन पुन्हां शर्यतींत उतरली. तुटलेला भाग चौफेर तासून, जुन्या थरांना नवे थर उतरत्या पायऱ्यांनीं जोडून कर्बतंतु पुन्हां सांधतां येतो, हा त्या द्रव्याचा गुणहि सांगितला पाहिजे.

किनाऱ्याजवळ मदतीला माणसें तरी असतात. फ्रान्सहून सुटून एकट्यानें, कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची 'व्हाँदे ग्लोब' नांवाची शर्यत १९८९ पासून होत आली आहे; तिच्यांतील ६० फुटी नौका कर्बतंतूच्या असतात. ३० नोव्हेंबर २०२० रोजीं केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येस शेंकडों सागरी मैलांवर केव्हिन एस्कोफिए याची 'पीआरबी' ही नौका एका लाटेंत शिरली आणि कांहीं सेकंदांत दुमडून दुभंगली. शर्यतीपूर्वीं तिची बळकटी मुद्दाम वाढविलेली होती. त्याला जेमतेम संदेश पाठवितां आला, आणि तो हवेनें फुगणाऱ्या तराफ्यावर चढला. सुमारें अकरा तासांनंतर, काळोखांत, त्याच शर्यतींतील एकसष्ट वर्षांचा ज्याँ ल काम यानें त्याला शोधून आपल्या नौकेवर घेतलें. याच ल कामची नौका २००९ च्या जानेवारींत केप हॉर्नजवळ पठाणाखालचा गोळा निखळल्यामुळें उलटली होती, आणि त्या वेळीं त्याला वांचविणाऱ्या व्हिन्सेंट रिऊच्या नौकेचें नांवहि 'पीआरबी'च होतें.

अशा प्रसंगांतून या विद्येनें पुष्कळ शिकून घेतलें आहे. बांधलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागावर आतां श्रवणातीत ध्वनिलहरी सोडून, त्यांच्या प्रतिध्वनीवरून आंतील पोकळी व सुटलेले थर शोधतात. कुशल कारागीर नाण्यानें पृष्ठभाग वाजवूनहि ऐकतो. चांगल्या जागेचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागेचा बद्द येतो. मडकें विकत घेतांना तें वाजवून पाहणाऱ्या गृहिणीचीच ही परीक्षा. कांहीं नौकांच्या डोलकाठ्यांत व जलपंखांत प्रकाशवाहक कांचतंतु पुरून ठेवतात. भाराखालीं किती ताण आला हें त्यांतील प्रकाशावरून कळतें व मर्यादा ओलांडूं लागतांच नाविकाला इशारा मिळतो. जो इशारा हें द्रव्य स्वतः देत नाहीं, तो अशा रीतीनें त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो.

याहूनहि बोधप्रद गोष्ट म्हणजे एके ठिकाणीं माघार घेण्यांत आली. पठाणें व डोलकाठ्या वारंवार मोडूं लागल्यामुळें व्हाँदे ग्लोबच्या ६० फुटी नौकांसाठीं २०१३ सालीं नियम करण्यांत आला कीं, नव्या नौकांना सर्वांनीं एकाच नमुन्याचें, घडीव पोलादाचें पठाण बसवावें. डोलकाठ्याहि ठराविक नमुन्यांच्याच असाव्या. कांहीं किलो वजन वाढलें, पण तें सर्वांचेंच सारखें वाढलें. शेवटचा थर काढण्याचा मोह एकट्या रचनाकाराच्या विवेकावर न सोडतां नियमानेंच आवरला. स्पर्धेंत जेथें प्रत्येकाला दुसऱ्याच्या हलकेपणाची भीति असते, तेथें हाच उपाय चालतो.

सर्वच नौकांना कर्बतंतु हवा असेंहि नाहीं. याचें उत्तम उदाहरण आपल्या किनाऱ्यावर आहे. गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका २००९ सालीं भारतीय नौदलांत दाखल झाली. तिची बांधणी लांकडाच्या गाभ्यावर कांचतंतूचे थर देऊन केलेली आहे. दोन पापुद्रे व हलका गाभा ही युक्ति तीच. पण द्रव्यें अशीं निवडलेलीं कीं तीं थोडीं जड असलीं तरी मार सोसणारीं व कोणत्याहि बंदरांत दुरुस्त होण्याजोगीं असावीं. हिच्यावरूनच दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं मुंबईहून निघून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली व असें करणारे ते पहिले भारतीय ठरले. आणि २०१२-१३ सालीं अभिलाष टॉमी यांनीं कोठेंहि न थांबतां तीच प्रदक्षिणा पुरी केली. शर्यत जिंकण्याचा हेतु नव्हता, परत येण्याचा होता. आणि नौका त्या हेतूला साजेशी होती.

तात्पर्य, अमुक द्रव्य बळकट आहे एवढ्यानें नौका बळकट होत नाहीं. कोणतें बळ कोणत्या दिशेनें येणार याचा अंदाज, त्या दिशेनें मांडलेला तंतु, थर बसविणाऱ्या हाताची स्वच्छता, भट्टींतील उष्णतेचा नेमकेपणा आणि पुढें वर्षानुवर्षें होणारी तपासणी, या सर्वांची ती बेरीज असते. यांपैकीं बहुतेक गोष्टी रंगाखालीं झांकलेल्या असतात व नाविकाला त्या कधींच दिसत नाहींत. दक्षिण समुद्राच्या काळोख्या रात्रीं तो तळाजवळच्या अरुंद बिछान्यावर अंग टाकतो, तेव्हां त्याच्या व पाण्याच्या मधें कांहीं मिलिमीटर कर्बतंतु, थोडा पोळ्याचा कागद आणि ज्या कारागिरांचें नांवहि त्याला बहुधा ठाऊक नसतें त्यांचा प्रामाणिकपणा, एवढेंच काय तें असतें.